पहाटेच्या अपडेटनंतर दोन्ही इन्स्टन्स आडवे. कॉन्फिगला हात कोणी लावला?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तुकड्यातुकड्यात विचारला की उत्तरंही तुकड्यातुकड्यात येतात, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

एका मशीनवर अपाचे या वेब सर्व्हरचे दोन इन्स्टन्स (एकाच प्रोग्रामच्या स्वतंत्र चालणाऱ्या प्रती) आहेत. लिनक्स रेड हॅट घराण्यातलं. पहिला इन्स्टन्स म्हणजे नेहमीची एचटीटीपीडी सर्व्हिस. ती पोर्ट ८०८० वर (पोर्ट म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर कान लावून बसतो तो) आहे आणि तिच्यावर फक्त आतल्या लोकांसाठीचं एक अ‍ॅप चालतं. दुसरा एचटीटीपीडी@बाहेर, पोर्ट ८० आणि ४४३ वर, त्यावर मुख्य साइट. पहिला कॉन्फ.डी हे कॉन्फिगचं (सेटिंगांचं) फोल्डर वाचतो, दुसरा स्वतःची कॉन्फ.डी-बाहेर वाचतो. हे मशीन माझ्याकडे सहा महिन्यांपूर्वी आलं. आधीचा माणूस सोडून गेला आणि नोंदी त्याच्या डोक्यातच गेल्या.

काल पहाटे आपोआप अपडेट झालं. सकाळी आतलं अ‍ॅप बंद. लॉगमध्ये ही ओळ: "(९८) अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज: एएच०००७२: मेक_सॉक: कुड नॉट बाइंड टू अ‍ॅड्रेस [::]:४४३". अहो, या इन्स्टन्सचा ४४३ शी काय संबंध? हा तर ८०८० वाला!

मग मी शहाणपणा केला. दोन्ही थांबवले, आधी पहिला सुरू केला, मग दुसरा. पहिला बिनतक्रार उठला. दुसरा उठेना, तीच ४४३ ची ओळ. आता मुख्य साइटही गेली, आणि येणाऱ्या लोकांना लोकलहोस्ट नावाच्या कुठल्यातरी सर्टिफिकेटची धोक्याची पाटी दिसायला लागली. म्हणजे एक बंद होता तिथे दोन बंद केले.

कॉन्फ.डी मध्ये एलएस -एलटी (फाइलींची यादी, नवी आधी) करून पाहिलं. सगळ्यात नवी फाईल माझीच, गेल्या मंगळवारी बदललेली. बाकी सगळ्या त्याहून जुन्या. अपडेटनंतरची एकही फाईल नाही. मॉड_एसएसएल हे अपाचेचं एचटीटीपीएसचं पॅकेज, त्याच्या फाइली तपासायला आरपीएम -व्ही मॉड_एसएसएल चालवलं, तेही गप्प. मग बदललं काय? आणि एकापेक्षा जास्त इन्स्टन्स असताना तुम्ही लोक अपडेट कसं करता?

शेवटचा_बाइट

सेलिनक्स (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) असेल.

खटपट्या

@शेवटचा_बाइट, दर धाग्यावर हेच. उद्या कोणी कीबोर्ड चालत नाही म्हणालं तरी तुम्ही सेलिनक्सच म्हणाल. पोर्टावर आधीच कोणीतरी बसलंय असं लॉग स्वच्छ सांगतोय.

रात्रपाळी, कुठल्या पोर्टवर ऐकायचं ते "लिसन" ची ओळ सांगते, कॉन्फ.डी मध्ये तो शब्द शोधा बरं. ग्रेप -आर करा आणि काय येतं ते इथे टाका.

रात्रपाळी

दोन ओळी आल्या. माझ्या फाईलीत लिसन ८०८०. मॉड_एसएसएलच्या एसएसएल.कॉन्फ मध्ये लिसन ४४३ एचटीटीपीएस. पण एसएसएल.कॉन्फ काही नवी नाही, तीन आठवड्यांपूर्वीची तारीख आहे तिच्यावर. आणि अपडेटच्या आदल्या दिवशीपर्यंत सगळं चालू होतं.

चांदणी

रात्रपाळी, तारखेने तुम्हाला फसवलंय. एलएस डीफॉल्टने जी तारीख दाखवतं ती फाईलीतला मजकूर शेवटचा कधी बदलला त्याची. पॅकेजमधून फाईल उतरते तेव्हा ती पॅकेजमधलीच जुनी तारीख घेऊन उतरते. तुमच्या मशीनवर ती पाच मिनिटांपूर्वी आली असली तरी तारीख पॅकेज बनवणाऱ्याकडची. तुमच्याकडे पॅकेजेस आरपीएम बसवतं, डेबियन लिनक्सवर डीपीकेजी, त्याचंही तेच.

स्टॅट एसएसएल.कॉन्फ करा आणि "चेंज" ची ओळ बघा, किंवा एलएस -एलसी. तो वेळ फाइलसिस्टम स्वतः टाकतं, पॅकेजला तो खोटा सांगता येत नाही.

दुसरं, आरपीएम -व्ही गप्प बसलं म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. ते गप्प बसलं म्हणजे फाईल पॅकेजने दिली तशीच्या तशी आहे. आता विचार करा, ज्या इन्स्टन्सने ४४३ ला हातही लावायचा नाही त्याच्या फोल्डरमध्ये पॅकेजची एसएसएल.कॉन्फ न बदललेल्या अवस्थेत कशी?

रात्रपाळी

चांदणीताई, दंडवत. चेंजची वेळ काल पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. डीएनएफ हिस्टरीत (अपडेटच्या नोंदीत) एचटीटीपीडी आणि मॉड_एसएसएल दोन्ही त्याच मिनिटाला.

मग गेल्या आठवड्याचा बॅकअप उघडला. त्यात एसएसएल.कॉन्फ नाहीच! आधीच्या माणसाने ती कधीतरी पुसून टाकली असणार. मी सहा महिने रोज ते फोल्डर बघतोय, पण नसलेली फाईल दिसणार कशी?

मूळपुरुष

हे अपडेटने बदलणं नव्हे, परत आणणं. आरपीएममध्ये कॉन्फिग फाईल तुम्ही बदलली तर तिचा मान राखला जातो, पण पुसली तर पुढच्या अपडेटला ती परत येते. अपाचेच्या स्वागतपानाची वेलकम.कॉन्फ उघडून पाहा, वरच्याच टिपेत लिहिलेलं असतं की ही फाईल काढली तर अपग्रेडच्या वेळी पुन्हा येईल. वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे, आणि वर्षानुवर्षं लोक ती पुसतायत.

उपाय एका ओळीचा: पुसू नका, रिकामी करा. रिकामी फाईल म्हणजे "बदललेली" फाईल. पॅकेज तिला हात लावत नाही. पॅकेजमधली मूळ फाईलच पुढे बदलली, तर नवी प्रत शेजारी एसएसएल.कॉन्फ.आरपीएमन्यू नावाने पडते. तिचा शेवट .कॉन्फने होत नाही, त्यामुळे अपाचे तिला वाचत नाही.

आणि तुमचा पहिला इन्स्टन्स आपोआप रीस्टार्ट का झाला, हेही सांगून टाकतो. एचटीटीपीडी पॅकेज अपडेटच्या शेवटी चालू असलेली सर्व्हिस स्वतःच रीस्टार्ट करतं. ते नको असेल तर इटीसी/सिसकॉन्फिग मध्ये (इटीसी म्हणजे सिस्टमच्या सेटिंगांचं फोल्डर) एचटीटीपीडी-डिसेबल-पोस्टट्रान्स नावाची फाईल ठेवा. रिकामी चालते.

कोरडी_फांदी

म्हणजे क्रम असा दिसतो. पहाटे फाईल परत आली, पॅकेजने पहिला रीस्टार्ट केला, तो ४४३ मागायला गेला, तिथे दुसरा आधीच बसलेला, म्हणून पहिला पडला. साइट तोवर व्यवस्थित चालू. मग रात्रपाळी आले, त्यांनी दोघांना उठवून खुर्च्यांची अदलाबदल केली. ४४३ च्या खुर्चीत पहिला जाऊन बसला, अंगात पॅकेजची डीफॉल्ट एसएसएल.कॉन्फ, म्हणून लोकलहोस्टचं सर्टिफिकेट.

अगदी संगीतखुर्ची.

रात्रपाळी

हो, तसंच झालं. खुर्च्यांचं आमच्या साहेबांना सांगू नका.

रिकामा_टेकडा

मला मूळ प्रश्नच पटत नाही. दोन इन्स्टन्स हवेत कशाला? एक अपाचे, दोन व्हर्च्युअल होस्ट (एकाच सर्व्हरवर दोन साइट), काम संपलं.

रात्रपाळी

आतलं अ‍ॅप वेगळ्या युजरखाली चालवायचंय, त्याच्या फाइली मुख्य साइटच्या प्रोसेसला दिसता कामा नयेत. शिवाय मुख्य साइट न थांबवता ते दिवसातून चार वेळा रीस्टार्ट करावं लागतं. व्हर्च्युअल होस्टने या दोन्ही गोष्टी होत नाहीत.

रिकामा_टेकडा

मग कंटेनर, प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात. माघार.

खटपट्या

कंटेनरमध्ये गेलं की कॉन्फिग कोणी बदलत नाही, हा गोड गैरसमज आहे. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरची अधिकृत डॉकर इमेज (कंटेनरचा तयार साचा) सुरू होताना छोट्या स्क्रिप्टा चालवते. त्यातली एक, दहा नंबरची, डीफॉल्ट.कॉन्फ उघडून तीत आयपीव्ही६ ची लिसन ओळ घालते. मात्र आधी बघते की फाईल पॅकेजने दिली तशीच आहे का. तुम्ही एक अक्षर जरी बदललं असेल तर "ही पॅकेजपेक्षा वेगळी आहे" असं लॉगमध्ये लिहून बाजूला होते. आम्ही एकदा दोन तास शोधत होतो की एकाच इमेजचे दोन कंटेनर, एक आयपीव्ही६ वर ऐकतो आणि दुसरा नाही, असं का. दुसऱ्यात कोणीतरी फाईलीच्या शेवटी एक मोकळी ओळ सोडली होती.

तरी वाईट म्हणत नाही मी. "न बदललेली असेल तरच हात लाव" ही रीत योग्यच आहे. पॅकेजवालेही तेच करतात.

आडनाव_नाही

डेबियनवाल्यांच्या वतीने चार शब्द. आमच्याकडे रात्रपाळींचा अपघात झाला नसता. डीपीकेजीत तुम्ही कॉन्फिग फाईल पुसली तर ते पुसणंही तुमचा निर्णयच मानला जातो. फाईल आपोआप परत येत नाही, हवी असेल तर मुद्दाम फोर्स-कॉन्फमिस हा पर्याय द्यावा लागतो. फाईल तुम्ही बदललेली आणि पॅकेजवाल्यांनीही बदललेली, असं दोन्ही झालं तरच तो प्रसिद्ध प्रश्न येतो: वाय (नवी घ्या), एन (जुनी ठेवा), डी (फरक दाखवा), झेड (शेल उघडा). नुसतं एंटर दाबलं तर तुमची जुनी फाईल राहते, नवी शेजारी .डीपीकेजी-डिस्ट म्हणून पडते.

पण म्हणून आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं नाही. आमचा अपघात उलट्या बाजूने येतो. डेबियनमध्ये जादा इन्स्टन्स बनवायला सेटअप-इन्स्टन्स नावाची स्क्रिप्ट मिळते. ती इटीसीतल्या अपाचे२ फोल्डरची प्रत करून अपाचे२-अमुक असं नवं फोल्डर बनवते. ही प्रत डीपीकेजीच्या खिजगणतीतच नाही. त्याला माहीत एकच, पहिलं.

डेबियन ११ वरून १२ वर गेलो तेव्हाची गोष्ट. पीएचपी ७.४ चं ८.२ झालं. मुख्य इन्स्टन्सला पॅकेजच्या स्क्रिप्टने नवं मॉड्यूल लावलं. दुसऱ्या इन्स्टन्सच्या मॉड्स-एनेबल्डमध्ये मात्र पीएचपी७.४.लोड तशीच, आणि ती ज्या लिबपीएचपी७.४.एसओ कडे बोट दाखवत होती ती फाईल ऑटोरिमूव्हने (नको झालेली पॅकेजेस काढणाऱ्या कमांडने) उचलून नेलेली. मुख्य साइट झकास चालू. दुसरा इन्स्टन्स "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल" म्हणून जमिनीवर. मी मुख्य साइट उघडून बघितली, हिरवं कुलूप दिसलं, लॅपटॉप मिटून झोपलो.

म्हणजे तुमच्याकडे पॅकेजने नको तिथे हात घातला, माझ्याकडे हवा तिथे घातला नाही. दोन्हीकडे कारण एकच: पॅकेज बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर एका मशीनवर एकच सर्व्हर असतो. दुसरा इन्स्टन्स ही आपली खासगी भानगड.

चांदणी

शेवटच्या दोन वाक्यांना +१०.

एक भर. डेबियनमध्ये मॉड्यूल बंद करायचं तर ए२डिसमॉडनेच करा, मॉड्स-एनेबल्डमधली लिंक हाताने आरएम करू (पुसू) नका. ए२डिसमॉड व्हार/लिब/अपाचे२ खाली नोंद करून ठेवतं की हे अ‍ॅडमिनने बंद केलंय. आरएमची नोंद कुठेच होत नाही. दुसऱ्या इन्स्टन्ससाठी सेटअप-इन्स्टन्स वेगळी ए२डिसमॉड-अमुक लिंक बनवून देते, ती वापरा. साधं ए२डिसमॉड चालवलंत तर ते मुख्य इन्स्टन्सवर चालतं. विचारा मला कसं माहीत.

शेवटचा_बाइट

कसं माहीत?

चांदणी

रीराइट मॉड्यूल बंद. मुख्य साइटवर. भर दुपारी. पुढचं विचारू नका.

उंबरठा

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. मी एनजिनएक्सचे तीन इन्स्टन्स चालवतो. त्यासाठी लिब/सिस्टमडी/सिस्टम मधली एनजिनएक्स.सर्व्हिस थेट उघडून एक्झेकस्टार्टमध्ये (सर्व्हिस सुरू करणाऱ्या कमांडच्या ओळीत) -सी आणि माझ्या कॉन्फिगचा पत्ता घातला होता. अपडेटनंतर ती ओळ गायब झाली. कोणी काही विचारलंही नाही. बग नोंदवू का?

मूळपुरुष

नका नोंदवू, बग पॅकेजचा नाही. त्या फोल्डरमधल्या युनिट फाइली (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणाऱ्या) कॉन्फिग मानल्याच जात नाहीत. बायनरीसारख्याच त्या दर अपडेटला नव्याने टाकल्या जातात. प्रश्न विचारला जातो तो फक्त कॉन्फिग म्हणून नोंदलेल्या फाइलींबद्दल, आणि त्या बहुतेक इटीसीत असतात.

सिस्टमसीटीएल एडिट एनजिनएक्स करा. त्याने इटीसी/सिस्टमडी/सिस्टम खाली एनजिनएक्स.सर्व्हिस.डी फोल्डरात ओव्हरराइड.कॉन्फ बनते, तिला पॅकेज शिवत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, त्यात आधी नुसतं "एक्झेकस्टार्ट=" असं रिकामं लिहायचं आणि पुढच्या ओळीवर तुमचं. रिकामी ओळ विसरलात तर सिस्टमडी म्हणेल की दोन-दोन एक्झेकस्टार्ट कशाला.

तीन इन्स्टन्स असतील तर त्यापेक्षा एनजिनएक्स@.सर्व्हिस असं स्वतःचं टेम्पलेट (एकच साचा, @ पुढे इन्स्टन्सचं नाव) इटीसीत लिहा. पिड फाईल (चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी) मात्र प्रत्येकाची वेगळी.

उंबरठा

आभारी आहे मूळपुरुष काका. पिड फाईल तिघांची एकच होती. आता कळलं की एक रीलोड केला की भलताच का रीलोड व्हायचा.

खटपट्या

😄 उंबरठा, तुम्ही इतके दिवस निभावलंत हेच नवल.

एनजिनएक्सचा विषय निघालाच आहे तर. डेबियनच्या एनजिनएक्स.कॉन्फमध्ये साइट्स-एनेबल्ड/* असं असतं, *.कॉन्फ नव्हे. म्हणजे त्या फोल्डरात जे पडेल ते वाचलं जातं. अपडेटआधी खबरदारी म्हणून कोणी "साइट.बॅक" अशी प्रत तिथेच करून ठेवली तर तीही जिवंत. नशीब बरं असेल तर "कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम" एवढीच तंबी मिळते. दोन्हीकडे डीफॉल्ट_सर्व्हर असेल तर "डुप्लिकेट डीफॉल्ट सर्व्हर" म्हणून उठतच नाही. अपाचे २.४ मध्ये हा त्रास नाही, तिथे *.कॉन्फ लागतं.

कोरडी_फांदी

ते *.कॉन्फ आलं तेव्हाचा गोंधळ विसरलात वाटतं. २०१५ मध्ये डेबियन ८ आलं, अपाचे २.२ चं २.४ झालं, आणि साइट्सच्या ज्या फाइलींना .कॉन्फ शेपूट नव्हतं त्या सगळ्या एका रात्रीत अदृश्य. सर्व्हर चालू, एरर नाही, आणि प्रत्येक पत्त्यावर एकच डीफॉल्ट पान. शेपटं लावून फाइली परत आणल्या तर ऑर्डर-अलाउ-डिनाय च्या जागी रिक्वायर ऑल ग्रँटेड हवं म्हणून सगळीकडे ४०३, म्हणजे प्रवेश बंद. त्या आठवड्यात मी "आगीतून फुफाट्यात" जगलो.

रिकामा_टेकडा

या सगळ्यावर साधा उपाय: ऑटो अपडेट बंद. वेब सर्व्हरची पॅकेजेस होल्डवर टाका. सहा महिन्यांतून एकदा सुट्टीच्या दिवशी बसून करा.

चांदणी

पूर्ण असहमत. सहा महिने जुना वेब सर्व्हर उघड्या पोर्टवर ठेवायचा? कॉन्फिग मोडली तर तासाभरात कळतं आणि दुरुस्त होतं. सुरक्षेचं भोक राहिलं तर कळतच नाही. शिवाय सहा महिन्यांचे बदल एकदम आले की दहा प्रश्न एकदम येतात आणि माणूस कंटाळून वाय वाय वाय दाबत सुटतो.

रिकामा_टेकडा

ताई, मी वाय दाबत नाही, मी डी दाबून फरक वाचतो. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

आडनाव_नाही

मधला रस्ता आहे. डेबियनचं अनअटेंडेड-अपग्रेड्स त्या बाबतीत समंजस आहे. ज्या पॅकेजमध्ये कॉन्फिगचा प्रश्न येणार असं दिसतं ते ते वगळतं आणि "हे हाताने करा" असं लॉगमध्ये लिहून ठेवतं. म्हणजे साधी अपडेट्स आपोआप होतात, भांडणाची तुमच्यासाठी राहतात. तो लॉग वाचायचा मात्र.

आणि स्क्रिप्टमध्ये डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॅक्टिव्ह घातलं की हा प्रश्न येत नाही, असं समजणाऱ्यांसाठी: येतो. ते डेबकॉन्फसाठी (पॅकेजचे सेटिंगचे प्रश्न विचारणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामसाठी) आहे. कॉन्फिग फाईलचा प्रश्न डीपीकेजी स्वतः विचारतं, आणि समोर उत्तर द्यायला कोणी नसेल तर अर्ध्यातच मोडतं. त्याला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड द्यावं लागतं.

पानगळ

मी टॉमकॅटवाला (जावाचा सर्व्हर), इकडे चुकून आलो, पण राहवत नाही. आमच्याकडे कॅटालिना_होम म्हणजे पॅकेजची जागा आणि कॅटालिना_बेस म्हणजे इन्स्टन्सची. प्रत्येक इन्स्टन्सला स्वतःचं बेस, त्यात स्वतःची सर्व्हर.एक्सएमएल, स्वतःचे लॉग, स्वतःचे पोर्ट. अपडेट होमवर होतं, बेसला कोणी विचारत नाही. तुमच्या अपाचेला हे अजून सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

मूळपुरुष

सुचलंय. एचटीटीपीडी -एफ ने हवी ती कॉन्फिग देता येते, -डी ने सर्व्हररूट देता येतो. @ वालं टेम्पलेटही कॉन्फ फोल्डरातली इन्स्टन्सच्या नावाची फाईलच वाचतं. लोक दुसऱ्या इन्स्टन्सचं सगळं वेगळं करतात आणि पहिला मात्र पॅकेजच्या फोल्डरात ठेवतात, गोची तिथे आहे. रात्रपाळींचंही तेच झालं. "बाहेर" सुरक्षित होता, त्याच्या फोल्डरला कोणी शिवलं नाही. मेला तो डीफॉल्ट.

माझा नियम सांगतो. डीफॉल्ट सर्व्हिस वापरायचीच नाही, सरळ मास्क करायची, म्हणजे ती सुरूच होत नाही. दोन इन्स्टन्स हवेत तर दोन्ही @ वाले, दोघांची फोल्डरं माझी. पॅकेजने आपल्या कॉन्फ.डी मध्ये काय वाटेल ते टाकावं.

चांदणी

हे आवडलं. पण मग पॅकेजच्या कॉन्फिगमध्ये आलेला चांगला बदल, समजा टीएलएसच्या (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनच्या) डीफॉल्टमधला, तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. आडनाव_नाही यांच्या पीएचपीसारखं.

मूळपुरुष

बरोबर, किंमत तीच आहे. म्हणून मॉड्यूल लोड करण्याच्या फाइली, कॉन्फ.मॉड्यूल्स.डी, मी पॅकेजच्याच इन्क्लूड करतो. मॉड्यूल कुठे आहे हे पॅकेजला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. कोण कुठल्या पोर्टवर ऐकणार हे मात्र मी ठरवणार. बाकी बदल इटीसीकीपरमध्ये दिसतात. ते अपडेटच्या आधी आणि नंतर अख्ख्या इटीसीचा गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) कमिट करतं. रात्रपाळींकडे ते असतं तर "नवी फाईल: एसएसएल.कॉन्फ" असं पहिल्याच मिनिटाला दिसलं असतं, बॅकअप उकरावा लागला नसता.

खटपट्या

गिटवरून एक. कॉन्फिग फाइली गिटच्या फोल्डरात ठेवून इटीसीतून सिमलिंक (त्या फाईलीकडे बोट दाखवणारी लिंक) देणाऱ्यांनो, सेड -आय (फाईल जागच्या जागी बदलणारी कमांड) जपून. ते लिंकच्या जागी खरी फाईल बनवून ठेवतं. मग तुम्ही गिटमध्ये बदल करत बसता आणि सर्व्हर जुनीच फाईल वाचत बसतो. आमच्या एका इन्स्टन्सला हे झालं, बाकी दोन बरोबर. ज्याच्यावर झालं तोच नेमका कोणी न बघणारा.

रात्रपाळी

परत आलो. तीन दिवस लागले, कारण आधी चाचणीच्या मशीनवर करून बघितलं.

काय केलं ते सांगतो. मूळपुरुष म्हणतात तसं दोन्ही इन्स्टन्स @ वाले केले: "आत" आणि "बाहेर". डीफॉल्ट सर्व्हिस मास्क. मॉड्यूलच्या फाइली पॅकेजच्या, बाकी सगळं आपलं. पिड फाइली वेगळ्या आहेत का हे उंबरठा यांचं वाचून दोनदा बघितलं. 🙂

तरी एसएसएल.कॉन्फ रिकामी केलीच. उद्या माझ्यामागून येणाऱ्याने डीफॉल्ट सर्व्हिस अनमास्क केली तर? मग भर दिवसा, चाचणीच्या मशीनवर, डीएनएफ रीइन्स्टॉल मॉड_एसएसएल चालवलं. फाईल रिकामीच राहिली. ती पुसली आणि पुन्हा रीइन्स्टॉल केलं, लगेच परत हजर. डोळ्यांनी बघितल्यावर बरं वाटलं. तारीख तीच, तीन आठवड्यांपूर्वीची!

अपडेटनंतरची एक स्क्रिप्ट लिहिली: दोन्ही इन्स्टन्सच्या कॉन्फिगवर एचटीटीपीडी -टी (कॉन्फिग बरोबर आहे का ते बघायला), मग इटीसीत कुठे .आरपीएमन्यू किंवा .आरपीएमसेव्ह आहे का ते शोधायचं, आणि कॉन्फ.डी मधल्या फाइलींची यादी कालच्या यादीशी ताडून बघायची. ती शेवटची ओळ चांदणीताईंमुळे. नावं ताडतो, तारखा नाही.

एक शंका उरली. आता सर्व्हिस मास्क आहे, म्हणजे अपडेटनंतर पॅकेज माझ्या दोघांना रीस्टार्ट करणार नाही. मग मेमरीत जुनाच कोड चालत राहणार ना?

चांदणी

हो. फाईल नवी, प्रोसेस जुनी. अपडेट केल्याचं समाधान आणि भोक तसंच. नीड्स-रीस्टार्टिंग चालवा, कोण जुन्यावर आहे ते सांगतं. स्क्रिप्टमध्ये -टी पास झालं तर पुढे रीस्टार्ट घाला, आधी एक, तो उठला तरच दुसरा.

रिकामा_टेकडा

म्हणजे फिरून तिथेच आलो. पॅकेज पहाटे रीस्टार्ट करत होतं ते नको होतं, आता स्वतःची स्क्रिप्ट पहाटे रीस्टार्ट करणार.

रात्रपाळी

पहाटे नाही, सकाळी दहाला, मी जागा असताना. आणि आधी "आत". तो पडला तर साहेबांखेरीज कोणाला कळत नाही.

कोरडी_फांदी

रिकाम्या एसएसएल.कॉन्फमध्ये काही लिहिलंय की शून्य बाइट?

रात्रपाळी

लिहिलंय. "ही फाईल मुद्दाम रिकामी ठेवली आहे. पुसू नका, अपडेटला परत येते." खाली तारीख.

मूळपुरुष

वेलकम.कॉन्फवाल्यांनीही नेमकं हेच लिहिलं होतं.